हृदयाचा आराखडा : फळमाशी, जनुके आणि जन्मजात हृदयदोष

मातेच्या उदरातील गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा झालेला असतो. त्याची लांबी दोन-तीन मिलिमीटरच्या पलीकडे गेलेली नसते. हातापायांचा मागमूसही नसतो. या अवस्थेत, गर्भधारणेपासून साधारणतः बाविसाव्या दिवसाच्या सुमारास, गर्भातील एक साधी नळी तालबद्ध आकुंचन पावू लागते. हेच हृदय होय. पुढील काही दिवसांत ही नळी वळते, तिला पीळ पडतो, मध्ये पडदे वाढतात आणि आठवा आठवडा संपण्याच्या सुमारास चार कप्प्यांचे, झडपांसह पूर्ण हृदय तयार होते. आपण गरोदर आहोत हे पुष्कळ स्त्रियांना कळते तोवर या कामाचा बराचसा भाग उरकलेला असतो.

एवढे गुंतागुंतीचे काम इतक्या अल्प काळात पार पडत असताना क्वचित एखादी चूक राहून जाते. पडद्यात छिद्र राहते, झडप अरुंद होते किंवा रक्तवाहिन्या चुकीच्या कप्प्यास जोडल्या जातात. जगभर दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात असा काही ना काही दोष आढळतो. आपल्या देशात दरवर्षी अशी सुमारे दोन लाख बालके जन्मास येत असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. यांपैकी काही दोष आपोआप भरून येतात, काहींवर शस्त्रक्रिया करावी लागते, आणि वेळीच निदान न झाल्यास काही बालके पहिला वाढदिवसही पाहू शकत नाहीत.

असे बालक ज्या घरात जन्मास येते तेथे पहिला प्रश्न उपचाराचा नसतो. ‘असे का झाले?’ हा असतो. आणि त्याचे उत्तर बहुधा बालकाच्या आईच्या वर्तनात शोधले जाते. तिने ग्रहण पाळले नाही, ती नको तिथे गेली, तिने नको ते खाल्ले, किंवा तिच्या माहेरचेच काही तरी असावे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकशास्त्राजवळही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नव्हते. ते मिळण्यास जी सुरुवात झाली, तिचा एक महत्त्वाचा धागा रुग्णालयातून आलेला नाही. तो आला विद्यापीठातील जीवशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतून आणि तेथे बाटल्यांत वाढवलेल्या फळमाश्यांतून.

बाटलीतील माशी

पिकलेल्या केळ्यांच्या घडाभोवती घोंघावणारी, तांबड्या डोळ्यांची, सुमारे तीन मिलिमीटर लांबीची बारीक माशी सर्वांच्या परिचयाची आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला ड्रॉसोफिला म्हणतात. आपल्या विद्यापीठांतही पदव्युत्तर प्राणिशास्त्राचे विद्यार्थी मक्याचे पीठ, गूळ आणि यीस्ट यांच्या खाद्यावर ही माशी वाढवतात आणि आनुवंशिकतेचे पहिले धडे तिच्याकडूनच घेतात. तिचा वंश दहा-बारा दिवसांत पुढे सरकतो, तिला जागा थोडी लागते आणि खर्च त्याहून थोडा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांची एक माशी आढळली. आनुवंशिक गुणांचे वाहक गुणसूत्रांवर वसलेले असतात, हे सिद्ध करण्याच्या कामी ती निर्णायक ठरली. मॉर्गन यांना 1933 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून जीवशास्त्राच्या अध्यापकाचे आणि या माशीचे नाते अतूट राहिले आहे.

या माशीलाही हृदय असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. पाठीच्या बाजूने शरीराच्या लांबीभर गेलेली ती एक नळी असते. तीत माणसाच्या हृदयासारखे कप्पे नसतात, नीला-रोहिण्यांचे जाळे नसते. प्राणवायू पोहोचविण्याचे कामही तिच्याकडे नसते. ते काम बारीक श्वासनलिका परस्पर करतात. नळीने फक्त शरीरातील रंगहीन द्रव ढवळत ठेवावयाचा असतो. अशा या नळीचा माणसाच्या हृदयाशी काय संबंध असणार, असे कोणासही वाटावे. आणि 1990 पर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचाही समज तसाच होता.

हृदय नसलेला पत्र्याचा माणूस

हा समज ज्यांच्या कामामुळे बदलला त्यांत रॉल्फ बोडमर यांचे नाव अग्रभागी आहे. कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को येथे युह नुंग जान आणि लिली जान या शास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी फळमाशीतील एका जनुकाचे वर्णन 1990 मध्ये प्रसिद्ध केले. भ्रूणात ज्या थरापासून पुढे स्नायू निर्माण होतात, त्या थरात हे जनुक अगदी आरंभी कार्यरत होते, एवढेच त्या वेळी समजले होते. पुढे बोडमर मिशिगन विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात अध्यापक झाले. अमेरिकेतील अशा विभागांत पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकविणे आणि संशोधन करणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात. सकाळी वर्गात भ्रूणविकास शिकवावयाचा आणि दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली तोच पाहावयाचा, असा हा व्यवसाय आहे.

तेथून 1993 मध्ये बोडमर यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष साधा पण विलक्षण होता. हे एक जनुक निकामी केले असता माशीच्या भ्रूणात हृदय तयारच होत नाही. ते लहान किंवा वेडेवाकडे होत नाही. त्याच्या पेशीच निर्माण होत नाहीत. आतड्याभोवतीचे स्नायूही त्याबरोबर नाहीसे होतात. असा भ्रूण जगत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधून नतालिया आस्पियाझू आणि मानफ्रेड फ्राश यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवून दिले. या जनुकाला ‘टिनमॅन’, म्हणजे पत्र्याचा माणूस, असे नाव पडले. एल. फ्रँक बॉम यांच्या 1900 मधील प्रसिद्ध बालकथेत हृदय नसलेला पत्र्याचा लाकूडतोड्या हृदय मिळविण्यासाठी जादूगाराकडे निघतो. त्यावरून हे नामकरण झाले. माशीच्या जनुकांना अशी गमतीची नावे देण्याची त्या क्षेत्रात जुनी प्रथा आहे.

याच जनुकाचा एक वेगळा इतिहासही आहे. अमेरिकेतच मार्शल नीरेनबर्ग आणि योंगसोक किम यांना तो 1989 मध्ये आढळला होता आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याच्या गटास ‘एनके’ ही खूण मिळाली होती. हे नीरेनबर्ग म्हणजे डॉ. हरगोविंद खुराना यांच्यासमवेत 1968 चे नोबेल पारितोषिक मिळविणारे शास्त्रज्ञ. आनुवंशिक लिपीचा अर्थ लावण्याचे कार्य या मंडळींनी केले होते.

जनुक हृदय ‘घडवितो’ म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घेणे येथे आवश्यक आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात. त्यांतील कोणती केव्हा जागी करावयाची आणि कोणती निजलेली ठेवावयाची, यावर ती पेशी हृदयाची होणार की यकृताची, हे ठरते. टिनमॅनसारख्या जनुकापासून तयार होणारे प्रथिन इतर जनुकांच्या दारावरील कळ दाबण्याचे काम करते. धरणाच्या कालव्यावर मुख्य दरवाजा असतो आणि त्याखाली चाऱ्यांचे लहान दरवाजे असतात. मुख्य दरवाजाच उघडला नाही तर खालचे सारे कोरडे राहतात. टिनमॅन हा असा वरचा दरवाजा आहे. तो एकटा मात्र पुरेसा नसतो. शेजारच्या पेशींकडून योग्य वेळी येणारे रासायनिक संदेशही त्यास लागतात.

माशीकडून माणसाकडे

मग शोध सुरू झाला तो सस्तन प्राण्यांत याचे भाऊबंद आहेत काय याचा. तेही 1993 मध्येच उंदरात सापडले. जपानी शास्त्रज्ञ इस्सेइ कोमुरो व सेइगो इझुमो यांनी अमेरिकेत, तर रिचर्ड हार्वे यांच्या गटाने ऑस्ट्रेलियात हे जनुक शोधले. आज ते ‘एनकेएक्स 2-5’ या नावाने ओळखले जाते. उंदराच्या गर्भात ते निकामी केल्यास हृदयाची नळी तयार होते, पण तिला आवश्यक तो पीळ पडत नाही आणि गर्भ दगावतो, असे 1995 मध्ये दिसून आले.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधणे उचित होईल, कारण लोकप्रिय लेखनात तो हटकून गाळला जातो. उंदराचे जनुक टिनमॅनविरहित माशीत घालून पाहिले, तेव्हा त्या माशीच्या आतड्याचे स्नायू पुन्हा तयार झाले. हृदय मात्र झाले नाही. निसर्गाने जुनी किल्ली कोट्यवधी वर्षे जपून ठेवली, हे खरे; परंतु प्रत्येक घराण्यात तिला थोडे वेगळे दातेही पाडले. माशी म्हणजे छोटा माणूस, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे चुकीचे ठरते. माशीने दाखविले ते कोठे शोधावयाचे ते ठिकाण.

आणि शोध लागला तो 1998 मध्ये. हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयातील क्रिस्टीन व जोनाथन सायडमन आणि त्यांचे सहकारी काही विशिष्ट कुटुंबांचा अभ्यास करीत होते. या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या अनेकांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे अलिंदांमधील पडद्यात छिद्र असे. त्याखेरीज हृदयाचे ठोके नियंत्रित करणारा विद्युत-संदेश वरून खाली पोहोचण्यास उशीर होई. अशा चार कुटुंबांची तपासणी केली असता दोष पाचव्या गुणसूत्राच्या एका टोकाकडे असल्याचे दिसले. आणि तेथे होते माशीच्या टिनमॅनचे मानवी भावंड. या कुटुंबांतील आजारी व्यक्तींच्या ‘एनकेएक्स 2-5’ जनुकात बदल झालेला होता. जन्मजात हृदयदोषाचे, इतर कोणतीही व्याधी सोबत नसताना, एका जनुकाशी थेट नाते जोडणाऱ्या पहिल्या शोधांपैकी हा एक होय. माशीवरील शोधनिबंधापासून येथवर अवघी पाच वर्षे लागली.

या कुटुंबांच्या अभ्यासातून व्यवहारोपयोगी असे एक सत्य बाहेर आले. पडद्यातील छिद्र शस्त्रक्रियेने बुजवले तरी विद्युत-संदेशातील बिघाड पुढील वर्षांत वाढत जाऊ शकतो. काहींना पेसमेकर बसवावा लागतो आणि दुर्लक्ष झाल्यास आकस्मिक मृत्यूही संभवतो. शस्त्रक्रिया झाली म्हणजे मूल कायमचे बरे झाले, ही समजूत अशा कुटुंबांत घातक ठरते.

दोष कोणाचा?

आनुवंशिक हा शब्द आला की आपल्याकडे ‘घराण्यातच आहे’ असा अर्थ घेतला जातो आणि बोट बहुधा सुनेकडे वळते. ‘एनकेएक्स 2-5’ मधील बदल आईकडून जसा येऊ शकतो तसाच वडिलांकडून. दोघांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी तो अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. पहिले मूल दोषी निघाले म्हणून दुसरे निर्दोष होईल, किंवा पहिले निर्दोष म्हणून दुसऱ्यास भय आहे, असा हिशेब येथे लागू पडत नाही. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडविले जाते. कित्येकदा तर हा बदल आईवडिलांपैकी कोणातही नसतो आणि मुलात प्रथमच उद्भवतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकच जनुक बिघडल्यामुळे झालेले दोष हा एकूण जन्मजात हृदयदोषांचा लहानसा हिस्सा आहे. अमेरिकेत 608 रुग्णांची जी पाहणी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ‘एनकेएक्स 2-5’ मधील बदल केवळ 18 जणांत आढळला. याच्या जोडीने काम करणारी इतर जनुकेही सापडली आहेत. हात आणि हृदय या दोहोंत एकाच वेळी व्यंग निर्माण करणारे ‘टीबीएक्स 5’ हे जनुक 1997 मध्ये ओळखले गेले, आणि ‘गाटा 4’ हे 2003 मध्ये. मंगोलिझम या जुन्या आणि आता टाकून दिलेल्या नावाने ज्याचा उल्लेख होत असे त्या डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र एक जादा असते; त्या बालकांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. तरीही बहुसंख्य रुग्णांत अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम आणि गर्भावस्थेतील परिस्थिती यांची सरमिसळ असते व एक निश्चित कारण दाखविता येत नाही. एका अपत्यास असा दोष असल्यास पुढील अपत्यास तो असण्याची शक्यता सर्वसाधारणपणे शेकडा 2 ते 5 असते, असे मानले जाते. म्हणजे शंभरापैकी पंचाण्णवांहून अधिक वेळा पुढील मूल या दृष्टीने निर्दोष जन्मते. घरात हा आकडा समजावून सांगणारे कोणी असेल, तर पुष्कळ कलह टळतील.

जी कारणे टाळता येण्याजोगी आहेत ती मात्र अवश्य टाळावीत. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्येच दाखवून दिले की, गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत मातेस रूबेला म्हणजे जर्मन गोवर झाल्यास बालकास मोतीबिंदूबरोबर हृदयदोषही जडतो. गोवर-रूबेला लस ही या अर्थाने पुढील पिढीच्या हृदयाचीही लस आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात या लसीची मोहीम शाळाशाळांतून राबविली गेली, तेव्हा काही ठिकाणी पालकांनी मुलांना त्या दिवशी घरी ठेवले होते. आज इंजेक्शन घेणाऱ्या मुलीच्या पोटी उद्या जन्मणाऱ्या बाळाशी त्या टोचणीचा संबंध आहे, हे त्यांना सांगितले गेले असते तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. मातेचा अनियंत्रित मधुमेह, मद्यपान, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेतलेली काही औषधे यांमुळेही धोका वाढतो. ग्रहणाचा मात्र यात काहीही हात नाही.

प्रौढांचे हृदय

बोडमर यांचे काम टिनमॅनपाशी थांबले नाही. पुढे कॅलिफोर्नियातील ला होया येथील संशोधन संस्थेत गेल्यावर त्यांनी माशीचे हृदय वयोमानाप्रमाणे कसे थकते, याकडे लक्ष वळविले. माशीचे आयुष्य अवघे दोन-अडीच महिन्यांचे. त्यामुळे बाल्यापासून वार्धक्यापर्यंतचा सारा प्रवास एका शैक्षणिक सत्रात पाहता येतो. म्हाताऱ्या माशीचे ठोकेही अनियमित होतात, असे आढळले. खोबरेल तेल घालून मुद्दाम स्निग्ध केलेले खाद्य माश्यांना दिले असता त्यांच्या हृदयाचे कार्य बिघडते, असा त्यांच्या गटाचा निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणातील गृहिणींनी त्यामुळे नारळ टाकून देण्याचे कारण नाही. तो प्रयोग अतिस्निग्ध आहाराचा होता, नारळाचा नव्हता.

हृदयाच्या जनुकांचा प्रश्न बालपणाबरोबर संपत नाही, याचा पुरावा भारतातूनही मिळाला आहे. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात, ‘एमवायबीपीसी 3’ मध्ये, 25 अक्षरांचा तुकडा गळालेला असणे हे भारतीय उपखंडातील सुमारे शेकडा 4 लोकांत आढळते, असे हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि देशोदेशीच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखविले. उतारवयात हृदय दुर्बळ होण्याशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. हा धोका किती, याचा अंदाज नंतरच्या अभ्यासांनी बराच खाली आणला आहे आणि तो वाहणारे पुष्कळ लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. असा बदल युरोपीय लोकांत जवळजवळ नाही. आपल्या लोकांची जनुके आपल्याच प्रयोगशाळांत अभ्यासली जाण्याची आवश्यकता यावरून ध्यानात यावी.

शाळा आणि अंगणवाडी

जनुकांची तपासणी अद्याप मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांपुरती मर्यादित आहे. परंतु हृदयदोष ओळखण्यासाठी प्रथम तिची गरजही नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्यानुसार जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीस वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांस एकदा भेट देते. जन्मजात हृदयदोष हा या तपासणीतील ठरवून दिलेल्या व्याधींपैकी एक आहे. दोषाची शंका आल्यास बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते आणि पुढील उपचाराची, आवश्यक तर शस्त्रक्रियेची, विनामूल्य सोय होते.

पथक वर्षातून एकदोनदाच येते. शिक्षक आणि अंगणवाडी सेविका मुलास रोज पाहतात. दूध पिताना दमणारे व घामाघूम होणारे तान्हे बाळ, वजन न वाढणारे आणि वारंवार छातीत कफ होणारे मूल, रडताना ओठ व नखे निळसर पडणारे मूल, खेळताना मध्येच उकिडवे बसून धाप टाकणारा विद्यार्थी ही चिन्हे कागदावर टिपून ठेवावीत व पथकास दाखवावीत. ओठ सतत निळे असतील किंवा धाप थांबत नसेल, तर पथकाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उकिडवे बसणाऱ्या मुलास ‘आळशी’ म्हणून ओळीत उभे करण्याचे प्रकार पूर्वी घडत. वस्तुतः तसे बसल्याने त्याच्या फुप्फुसांकडे थोडे अधिक रक्त जाते आणि ते मूल नकळत स्वतःवर उपचारच करीत असते.

तपासणीच्या दिवशी पालकांना आवर्जून बोलवावे आणि आणखी एक प्रश्न विचारावा : घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले आहे काय, कोणास वारंवार चक्कर येऊन शुद्ध हरपते काय, कोणाच्या हृदयातील छिद्र पूर्वी बुजविले आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास भावंडांचा आणि आईवडिलांचाही हृदयालेख काढून घेण्याचा आग्रह वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे धरावा. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे रुग्णालयातील कागद पुराच्या पाण्यात वा स्थलांतरात हरवतात, असा अनुभव येतो. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने त्यांची एक प्रत जपून ठेवली, तर दहा-पंधरा वर्षांनी त्या मुलास चक्कर येऊ लागल्यास मूळ दोष कोणता होता, हे नव्या डॉक्टरांस त्यावरून कळू शकते.